गालगागा गालगागा गागालल

२०११च्या जूनमध्ये आई-अण्णा पहिल्यांदा कॅनडाला आले. टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर ते बाहेर पडले तेव्हा अण्णांच्या हाती ती जुनी तपकिरी सुटकेस होती. पट्ट्यावर ओळखू यावी म्हणून आईने तिला तासगावच्या बाजारातली पिवळी नायलॉनची दोरी दोन फेऱ्या मारून आवळली होती. मुठीला विमान कंपनीचा पांढरा टॅग लोंबत होता. सुटकेस डिकीत जाईना, म्हणून मागच्या सीटवर अण्णांच्या शेजारी ठेवली. गाडी पार्किंगबाहेर निघेपर्यंत त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून टॅग वाचून काढला होता.

"वाय वाय झेड. टोरंटोचा टी कुठाय रे ह्यात?"

अण्णा सदतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवत होते. अक्षर जागेवर नसलं की त्यांना चैन पडत नाही. मी सांगितलं की इथल्या बहुतेक मोठ्या विमानतळांची खूण वायनेच सुरू होते. आणि माझ्याकडे ह्याच नावाचं एक गाणं आहे.

"विमानतळावर गाणं?"

"शब्द नाहीत त्यात. नुसतं वाद्यांचं आहे. हीच तीन अक्षरं वाजवलीत."

खरं तर त्या क्षणी गाणं लावायचं काही कारण नव्हतं. दोघं थकली होती, आईला मळमळत होतं. पण जो माणूस पंधरा वर्षं रश नावाच्या इथल्या रॉक बँडच्या मागे वेडा झालाय त्याला अशी आयती संधी सोडवत नाही. सीडी गाडीत होतीच. ती कायम असायची.

सुरुवातीला टाळेसारख्या छोट्या झांजांवर नुसता ठोका येतो. देवघरातली घंटा कोणीतरी हट्टाने वाजवत बसावं तसा. मग बास आणि गिटार तोच ठोका उचलतात आणि तो भीतिदायक होतो. मी आरशात बघितलं. अण्णांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला होता.

"गालगागा," ते म्हणाले. "गालगागा... थांब. परत लाव."

परत लावलं.

"गालगागा गालगागा... गागालल. हे शेवटी चुकलंय."

मराठी गझल लिहिणाऱ्यांच्या किंवा नुसत्या वाचणाऱ्यांच्याही घरात ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना हे सांगायला नको. गा म्हणजे गुरू, दोन मात्रा. ल म्हणजे लघू, एक मात्रा. गालगागा चार वेळा आलं की व्योमगंगा, तीन वेळा आलं की मंजुघोषा. आमच्या घरी सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’ची एक जीर्ण प्रत होती, आणि जेवताना ताटावर बोटाने ‘गा’ आणि ‘ल’ वाजवणारे वडील होते. असं असून मला हे कधी ऐकू आलं नव्हतं.

कारण मी ते मोर्स, म्हणजे तारायंत्राची लांब-आखूड ठोक्यांची लिपी, म्हणून ऐकत आलो होतो. विमानांना दिशा कळावी म्हणून विमानतळाजवळचा रेडिओ बीकन आपली खूण मोर्समध्ये अखंड पाठवत असतो. एकदा एका छोट्या विमानातून घरी परतताना रशच्या मंडळींनी कॉकपिटमध्ये ती ऐकली आणि तिचा ठेका उचलला. मोर्समधला वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. झेड म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड. लांबच्या दोन मात्रा आणि आखूडची एक धरली की सात, सात आणि सहा, एकूण वीस. लहानपणी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्यात, त्यामुळे मी ते रूपक, रूपक आणि एक दादरा असं मनात बसवून ठेवलं होतं आणि त्यावर खूषही होतो. पण तबल्याचा हिशेब मात्रांचा. लांब काय, आखूड काय, ते त्यात दिसत नाही. ते अण्णांनी दाखवलं.

"चुकलेलं नाही अण्णा. झेड आहे तो."

"असेल. पण दोन लघूंवर ओळ संपवलीय पठ्ठ्यानं. आपण चरणाच्या शेवटचा लघू गुरूच धरतो. ओळीला टेकायला काहीतरी लागतं. ही टेकत नाही. पुढच्या ओळीच्या अंगावर जाऊन पडते."

आई म्हणाली, "बंद करा ते आधी. डोकं ठणकतंय माझं."

*

रश माझ्या आयुष्यात १९९६ साली आले, पुण्यातल्या हॉस्टेलवर, साठ मिनिटांच्या एका भरलेल्या कॅसेटमधून. रूम पार्टनर मडगावचा होता. त्याचा मावसभाऊ आखातात नोकरीला. त्यानं तिकडून भरून आणलेली ती कॅसेट. तिच्यावर बॉलपेनने ‘मूव्हिंग पिक्चर्स’ एवढंच लिहिलेलं. गाण्यांची नावं नव्हती, फोटो नव्हता. पहिल्या बाजूला तीस मिनिटं मावतात आणि पाचवं गाणं चांगलं अकरा मिनिटांचं, त्यामुळे ते संपायच्या आत पट्टी संपायची आणि प्लेअरचं बटण ठक्कन वर यायचं. कित्येक वर्षं माझ्यासाठी त्या गाण्याचा शेवट म्हणजे तो ठक् होता. पुढे सीडीवर मूळ शेवट ऐकला तेव्हा काहीतरी जादा जोडल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत कॅसेट घरी नेली. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण बाई एवढी किंचाळतेय?"

बाई नव्हे, रशचा गायक गेडी ली. त्याच्या आवाजाबद्दल समीक्षकांनी आयुष्यभर आईपेक्षा वाईट लिहिलं. त्या आवाजाचं मी समर्थन करत नाही. तो आवाज म्हणजे कारल्याची भाजी आहे. ज्याला आवडतो त्याला आवडतो. पण हा माणूस तो आवाज काढत असताना हातांनी बास वाजवत असतो, आणि ती बास साथ देणारी नव्हे, स्वतःचं भांडण स्वतः भांडणारी. मधेच तो कीबोर्डकडे वळतो, आणि हात गुंतलेले असले की पायाखालच्या पट्ट्या दाबून स्वर धरतो. शेजारी अ‍ॅलेक्स लाइफसनची गिटार आणि मागे नील पीअर्टचे ड्रम्स. तिघंच. एवढ्या आवाजाला तीनच माणसं आहेत हे कळल्यावर मी आणि मडगावकर बराच वेळ एकमेकांकडे बघत बसलो होतो.

प्रोग्रेसिव्ह रॉकवर, म्हणजे रश वाजवतात त्या लांबलचक, ताल बदलत्या रॉकवर, एक आरोप नेहमी होतो की ही गणिती पोरांची गाणी आहेत. आरोप खरा आहे. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ती लोकप्रिय व्हायची ती उगाच नाही. सातातून पाचात आणि पाचातून सहात उड्या मारणारं गाणं बरोबर मोजता आलं की सबमिशन पूर्ण झाल्यासारखं वाटायचं. पुढे लग्नानंतर बायकोला एकदा त्यांच्या कॉन्सर्टला घेऊन गेलो. गाण्यांबद्दल ती काही बोलली नाही. पण मध्यंतरातून परत आली ती खूष होऊन. आयुष्यात पहिल्यांदाच बायकांच्या बाथरूमला रांग नव्हती आणि पुरुषांची रांग कोपऱ्यावरून वळून गेली होती!

मंचावरसुद्धा ही माणसं स्वतःची थट्टा करायची. एका टूरपासून गेडीने बासचे मोठे अ‍ॅम्प्लिफायर ठेवणं बंद केलं. त्यांच्या जागी कपडे वाळवायची यंत्रं आणून ठेवली आणि ती चालू ठेवली. पुढच्या एका टूरला तिथे कोंबड्या भाजायच्या भट्ट्या आल्या. गाणं चालू असताना टोपीवाला आचारी येऊन कोंबड्यांना रस लावून जायचा. मागे पीअर्ट हूं की चूं न करता वाजवत असायचा.

*

टोरंटोला मी नोकरीसाठी २००६ साली आलो. बँडचं गाव म्हणून आलो असं मित्रांना सांगायचो. खरं कारण व्हिसा मिळाला हे होतं. तरी पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी क्वीन्स पार्कला गेलो. तिथलं विधानसभेचं तांबूस दगडाचं भवन ‘मूव्हिंग पिक्चर्स’ ह्या अल्बमच्या कव्हरवर आहे. लाल डगलेवाले हमाल तीन कमानींसमोरून मोठमोठी चित्रं वाहून नेताहेत. म्हणजे हलवली जाणारी चित्रं. ती बघून कडेला उभी असलेली माणसं रडताहेत. म्हणजे मन हलवणारी चित्रं. आणि मागच्या बाजूला दिसतं की ह्या सगळ्याचं शूटिंग चालू आहे. एका नावावर तीन कोट्या! पु.लं.च्या मुलखातला माणूस असल्या पोरकटपणाच्या प्रेमात पडणारच. थंडीने कान बधिर झाले होते, आणि मी त्या कमानींसमोर एकटाच हसत उभा होतो.

ह्या शहरात राहायला लागल्यावर मला त्यांच्या गाण्यांपेक्षा त्यांच्या घरांची ओढ जास्त लागली. गेडी आणि अ‍ॅलेक्स विलोडेलचे, शहराच्या उत्तरेकडच्या वस्तीतले. दोघांचे आईबाप युद्धानंतर युरोपातून आलेले निर्वासित. अ‍ॅलेक्सचं आडनाव सर्बियन, झिवोयिनोविच. त्याचा अर्थ साधारण ‘जीवनाचा मुलगा’, म्हणून त्यानं सरळ भाषांतर करून लाइफसन केलं. गेडीचं खरं नाव गॅरी. त्याची आई पोलिश ज्यू. तिच्या उच्चारात गॅरीचं गेडी व्हायचं. मित्रांनी ते ऐकलं, चिडवायला उचललं आणि पुढे त्यानं तेच नाव अधिकृत करून घेतलं. माझ्या ओळखीतल्या कित्येक पोरांनी इथे आल्यावर आपली नावं इंग्रजी तोंडाला बसतील अशी कापून घेतली. हा मुलगा उलटा निघाला. इंग्रजी नाव आईच्या तोंडाला बसेल तसं वाकवून घेतलं.

त्या आईबापांची भेट नाझींच्या श्रमछावणीत झाली होती, दोघं पोरवयात असताना. पुढे ऑशविट्झ, आणि नंतर ती बर्गन-बेल्सनला, तो डाखाऊला. युद्ध संपल्यावर तो तिला शोधत गेला आणि ती जिवंत सापडली. ब्रिटिश सैनिक छावणीत शिरले तेव्हा बाहेर जग शिल्लक आहे ह्यावर तिचा विश्वास बसला नव्हता, हे गेडीनं सांगितलं आणि पीअर्टनं त्यावरून १९८४ साली एक गाणं लिहिलं. गेडी बारा वर्षांचा असताना वडील गेले. धर्माप्रमाणे मुलाने अकरा महिने रोज प्रार्थनेला जायचं आणि तेवढा काळ संगीत वर्ज्य. शाळेतल्या संगीताच्या तासालाही बसायचं नाही. नवऱ्यामागे आईने दुकान चालवलं. मुलाचा अल्बम आला तेव्हा तिने दुकानभर त्याचे पोस्टर लावले आणि ज्या पोरांकडे पैसे नव्हते त्यांना रेकॉर्ड फुकट देऊन टाकल्या. रशविषयी मला एवढीच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी ही सांगितली असती.

बाकीचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. १९७५चा तिसरा अल्बम आपटला, कंपनीला छोटी, रेडिओवर चालणारी गाणी हवी होती, आणि ह्यांनी १९७६ साली रेकॉर्डची अख्खी बाजू भरेल असं वीस मिनिटांचं एकच गाणं दिलं. ‘२११२’. त्यानंच बँड वाचला. त्या गाण्यातल्या गोष्टीमागचं आयन रँड ह्या लेखिकेचं व्यक्तिवादी तत्त्वज्ञान मला तेव्हाही पचलं नव्हतं आणि आता तर त्याहून नाही. पण पडता काळ असताना माणसं शहाणपणा करायचा सोडून हट्ट करतात आणि तो कधीकधी फळतो, हे बघायला बरं वाटतं.

*

पीअर्टचं सांगायला मात्र वेळ हवा.

तो मूळचा बँडचा नव्हेच. १९७४ साली आधीचा ड्रमर सोडून गेला तेव्हा हा सेंट कॅथरिन्स गावी वडिलांच्या शेती अवजारांच्या धंद्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकत होता. ऑडिशन दिली आणि जेमतेम दोन आठवड्यांत अमेरिकेच्या दौऱ्यावर पहिला कार्यक्रम. पुढे चाळीस वर्षं बाकीचे दोघं त्याला चिडवायला ‘नवा मुलगा’ म्हणत राहिले. उंच, अबोल, पुस्तकात तोंड खुपसून बसणारा. गाण्यांचे शब्द लिहायचं काम त्याच्याकडे आलं ते इतर दोघांना त्याचा कंटाळा होता म्हणून. चाहत्यांना तो टाळायचा. मंचावर ड्रम्सच्या पुढे कधी यायचा नाही.

मला त्याची सगळ्यात आवडणारी गोष्ट १९९४ सालची. तोवर जगभरचे ड्रमर त्याची नक्कल करत होते, मासिकांच्या मतदानात तो वर्षानुवर्षं पहिला येत होता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो फ्रेडी ग्रूबर नावाच्या म्हाताऱ्या शिक्षकाकडे जाऊन बसला आणि काठी कशी धरायची इथपासून पुन्हा शिकला. हात ठोक्यांच्या मध्ये हवेत कसा फिरतो, तेवढंच महिनोन्‌महिने. माझे तबल्याचे सर म्हणायचे, दोन बोलांमधली जागा वाजवायला शिका. मी तिसऱ्या परीक्षेला बसलो नाही. त्यांची आठवण मला तासगावात येत नाही, पीअर्टचं वाजवणं बघताना येते.

तर अण्णांना मी ह्या माणसाचं गाव दाखवायला नेलं. आईला नायगारा बघायचा होता, सेंट कॅथरिन्स वाटेवरच लागतं. गावाचा पोर्ट डलहौसी म्हणून एक भाग आहे, तिथे ओंटारिओ तळ्याकाठी लेकसाइड पार्क. पीअर्टचं लहानपण ह्या किनाऱ्यावर गेलं, पोरवयात इथल्या जत्रेच्या खेळांवर त्यानं काम केलं, पुढे ह्या बागेवर गाणंही लिहिलं. जत्रा कधीच उठली. एक लाकडी घोड्यांचा जुना मेरी-गो-राउंड तेवढा राहिलाय आणि त्याचं तिकीट आजही पाच सेंट आहे. खिशात पाच सेंटचं नाणं नव्हतं. मी एक डॉलर दिला, तर तिकीट देणाऱ्या मुलीने वीस फेऱ्या घ्या म्हणून सांगितलं. आई चार फेऱ्या बसली. साडीचा पदर खोचून, घोड्याच्या गळ्यातला खांब दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक फेरीला आमच्यासमोरून जाताना गंभीर चेहऱ्याने.

अण्णा आणि मी बाकावर बसलो. दशमी, शेंगदाण्याची चटणी, आणि आईने तासगावाहून आणलेले बेदाणे. हवा स्वच्छ होती. पाण्यापलीकडे टोरंटोचे मनोरे काड्यांसारखे दिसत होते. मी बोलत सुटलो होतो. बोलता बोलता १९९७ सालाशी आलो.

त्या ऑगस्टमध्ये पीअर्टची एकुलती एक मुलगी युनिव्हर्सिटीत परत चालली होती. हायवेवर गाडीला अपघात झाला आणि ती गेली. दहा महिन्यांनी बायको कॅन्सरने गेली. मी आता निवृत्त झालो असं समजा, असं त्यानं दोघा मित्रांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, वाट बघत राहिले. हा मोटारसायकल घेऊन निघाला तो अलास्का, मेक्सिको, बेलीझपर्यंत, चौदा महिन्यांत ८८ हजार किलोमीटर. ड्रम्सना हात लावला नाही. थांबलो की सगळं अंगावर येतं म्हणून चालत राहायचं, असा काहीसा त्याचा हिशेब.

"किती वर्षांची होती पोर?" अण्णांनी विचारलं.

"एकोणीस."

त्यांनी बेदाण्याचा देठ काढून रुमालात ठेवला.

"मग वाजवायला लागला का परत?"

"लागला. नवं लग्न केलं. साडेतीन वर्षांनी स्टुडिओत गेला. २००२ साली अल्बम आला, मंचावरही आले. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये माराकाना स्टेडियमवर ते वाय वाय झेड वाजवलं ना अण्णा, तर लोक ते गायला लागले. शब्दच नाहीत त्यात, तरी उड्या मारत गायले."

"पाच वर्षांत," अण्णा म्हणाले. "लवकर लागला."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. तेवढ्यात आईची चौथी फेरी संपली.

*

२०१५ साली चाळीस वर्षांची म्हणून जी टूर झाली ती टोरंटोत जूनमध्ये बघितली. गाणी उलट्या क्रमाने होती, आजपासून मागे मागे. आणि प्रत्येक टप्प्यावर त्या कव्हरवरचे लाल डगलेवाले येऊन मंचावरचं सामान उचलून न्यायचे. पडदे गेले, यंत्रं गेली, ड्रम्सचा संच बदलला. शेवटी खुर्च्यांवर ठेवलेले दोन छोटे अ‍ॅम्प्लिफायर आणि मागे शाळेच्या जिमखान्याचं चित्र एवढंच उरलं. म्हणजे विलोडेलची पोरं. पीअर्टचे खांदे दुखत होते, पायाला जखम झाली होती, हे नंतर वाचलं. त्या रात्री एकही ठोका सैल नव्हता. मी मोजत होतो ना!

१ ऑगस्टला लॉस एंजेलिसला शेवटचा कार्यक्रम झाला. तो संपल्यावर पीअर्ट ड्रम्सच्या मागून उठून पुढे आला आणि दोघांच्या गळ्यात पडला. हे आयुष्यभर न केलेलं. तेव्हाच कळायला हवं होतं.

७ जानेवारी २०२०ला तो गेला. बातमी तीन दिवसांनी, शुक्रवारी बाहेर आली. मेंदूचा कर्करोग, साडेतीन वर्षं. जवळच्या मंडळींनी बाहेर एक अक्षर फुटू दिलं नव्हतं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा तासगावात सकाळ झालेली. फोन लावला. आईने अण्णांना दिला.

"अण्णा, तो ड्रमर गेला. नील पीअर्ट."

"ट्रॅक्टरचे पार्ट विकणारा?"

"हो."

"दुसरी पोरगी आहे म्हणाला होतास."

"आहे. दहा वर्षांची."

बराच वेळ फोनवर प्रेशर कुकरचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "बर्फ पडलंय का तिकडं? कानाला गुंडाळून जात जा." आणि फोन आईला दिला.

*

गेल्या ऑक्टोबरात जाहीर झालं की गेडी आणि अ‍ॅलेक्स २०२६मध्ये पुन्हा टूर करणार, आणि ड्रम्सवर अनिका नीलेस नावाची जर्मन बाई असेल. इतकी वर्षं नाही नाही म्हणत होते. चाहत्यांत दोन तट पडले. पीअर्टशिवाय रश नाही, असं मीही सहा वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. मग तिचे व्हिडिओ बघितले आणि पंचाईत झाली. फार सुंदर वाजवते. ठोक्यांच्या मधली जागा तिला दिसते. टोरंटोचं तिकीट काढलंय. का काढलं ते बायकोला समजावता आलं नाही.

दिवाळीला तासगावला गेलो होतो. अण्णा पंच्याऐंशीचे झालेत. कान कमी झालाय, पण गझल वाचताना बोटं अजून पेरांवरून फिरतात. मी टूरचं सांगितलं.

"बाई वाजवणार? वाजवू दे की. ते शेवटचे दोन लघू सांभाळ म्हणावं. तिथंच सगळे धडपडतात."

दुपारी ते झोपले तेव्हा आईने माळ्यावरून फराळाचे डबे काढायला सांगितले. तिथे ती तपकिरी सुटकेस होती. पिवळी दोरी गेली होती, टॅग अजून मुठीला होता. आत अण्णांच्या कवितांच्या वह्या. पहिली वही मी लहानपणी चोरून वाचलेली, शार्दूलविक्रीडित आणि मंदाक्रांतेची. तिच्यातल्या शेवटच्या कवितेखाली तारीख आहे श्रावण १९७३ची. दुसऱ्या वहीचं पहिलं पान १९८९चं. मध्ये काही नाही. ह्या दोन तारखा मी आधीही बघितल्या असतील, पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या. आमच्या ओसरीवर लहान मुलीचा एक फोटो आहे, काळापांढरा, दोन वेण्यांचा. ताई. माझ्या जन्माआधी तापात गेली, चार वर्षांची असताना. १९७३च्या भाद्रपदात. घरात तिचं नाव निघत नाही.

खाली आईने दोनदा हाक मारली. तिसरी वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तारीख ऑगस्ट २०११, म्हणजे दोघं कॅनडाहून परतल्यानंतरची. वर पेन्सिलने वृत्ताच्या खुणा, गालगागा गालगागा गागालल, आणि त्याखाली शाईत एक ओळ:

चालताना थांबलो मी रस्त्यावर

तिच्याखाली दुसऱ्या ओळीच्या खुणा तेवढ्या मांडून ठेवल्या होत्या. अक्षरं नव्हती.